ब्रेकताईंचे दहा तास

ब्रेकताईंची आणि माझी पहिली भेट झाली तेव्हा चाळीस मिनिटांत मी तीनदा मेलो. पहिल्यांदा पाण्याच्या टँकरखाली, दुसऱ्यांदा शाळेच्या भिंतीवर, आणि तिसऱ्यांदा एका म्हाताऱ्या गृहस्थांनी छत्री रोखून माझ्याकडे जे पाहिलं त्या नुसत्या पाहण्याने. तिन्ही वेळा ब्रेकताईंनी मला परत आणलं. तोवर निम्म्या शहराची वाहतूक थांबली होती, झाडावरचे सगळे कावळे दुसऱ्या झाडावर राहायला गेले होते, तिसऱ्या मजल्यावरच्या एका बाईंनी वाळत घातलेले कपडे आणि मुलं दोन्ही आत घेतली होती. आणि मी अजून दुसऱ्या गिअरमध्ये गेलोही नव्हतो.

गाडी थांबल्यावर ताईंनी मांडीवरची वही उघडली, घड्याळ पाहिलं आणि लिहिलं: ‘दहा वाजून बारा. टँकर. ब्रेक समजून क्लच. दहा एकोणीस. भिंत. ब्रेक समजून काहीच नाही. दहा चाळीस. आजोबा. डोळे मिटले.’ वही माझ्यापुढे धरून म्हणाल्या, “सही करा, भाऊ.”

मी सही केली. ताईंनी ती निरखून पाहिली. “सहीसुद्धा रस्त्याच्या बाहेर गेलीय,” त्या म्हणाल्या.

मोटार शिकवण्याच्या गाडीत शेजारी बसणाऱ्याच्या पायाखालीही एक ब्रेक असतो, हे तुम्हाला ठाऊक असेल. ताई तो गेली अठरा वर्षं दाबत आल्या आहेत. त्यामुळे त्यांचा उजवा पाय आता त्यांचं ऐकत नाही. सिनेमात कोणी कड्याकडे धावायला लागलं की तो आपोआप जमिनीत रुततो. एका लग्नाच्या बोलणीत नवऱ्या मुलाने “मी लवकरच नोकरी सोडून धंदा करणार आहे” असं म्हटल्याबरोबर ताईंनी इतक्या जोरात पाय दाबला की समोरच्या टीपॉयवरचा चहा मुलीच्या काकांच्या मांडीवर गेला. खरं नाव त्यांचं रेशनकार्डावर असेल. गावात त्या ब्रेकताई.

त्यांची दुसरी खूण म्हणजे वेग वाढला की आदर कमी होतो. ताशी वीसपर्यंत मी ‘अहो भाऊ’ असतो. तिसापर्यंत ‘अहो’ गळतं. त्यापुढे “अरे क्लच! क्लच दाब, मेल्या!” गाडी थांबली की पुन्हा, “पाणी घ्या, भाऊ.” मला वाटतं माझ्या आयुष्यात मला इतक्या प्रामाणिकपणे कोणीच हाक मारली नसेल.

ही शिकवणी मूळची त्यांच्या यजमानांची. लग्न झाल्यावर ते शिकवायचे आणि ताई गंमत म्हणून मागच्या सीटवर बसायच्या. पुढे त्यांचं दुखणं सुरू झालं, तेव्हा ते मागे बसून सांगायचे आणि ताई शेजारच्या ब्रेकवर. म्हणजे ताई मोटार शिकल्या त्या शेजारच्या बाजूने. लायसन्स पुढे काढलं, पण आजही स्टिअरिंगवर त्या एकट्या बसल्या की घाबरतात. “शेजारी कोणी नसतं हो,” त्या म्हणतात, “मी चुकले तर?” यजमान जाऊन नऊ वर्षं झाली. घरात आता ताई आणि ब्याऐंशी वर्षांच्या सासूबाई. पुढच्या खोलीत एक टेबल, दोन खुर्च्या, भिंतीवर रस्त्यावरच्या खुणांचा तक्ता, आणि दारावर यजमानांच्या हातची पाटी: ‘नापास झाल्यास निम्मी फी परत.’

ही पाटी म्हणजे दिवाळखोरीचं निमंत्रण आहे हे ताईंना पहिल्या महिन्यातच कळलं होतं. त्या फडकं घेऊन पुसायलाही गेल्या होत्या. सासूबाई मधे उभ्या राहिल्या. “माझ्या लेकाचं अक्षर आहे ते. पुसायचं नाही.” म्हणून पाटी राहिली, आणि पाटी राहिली म्हणून निम्मी फीही परत जात राहिली.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं समजेल. ताईंचा हिशोब पैशांत नसतो, तासांत असतो. एक तास म्हणजे एका शिकाऊ माणसाशेजारी जीव मुठीत धरून काढलेला एक तास. नवा कुकर चार तासांचा. सासूबाईंचा चष्मा सात तासांचा. संपूर्ण शिकवणी दहा तासांची, म्हणजे नापास माणसाला परत पाच. आणि गाडीचा हप्ता महिन्याला अडतीस तासांचा. मीही पुढे तासांतच सांगतो. पैशाचा आकडा ऐकून कोणाचं काही हलत नाही.

तर मी पहिल्या परीक्षेत नापास झालो. ताईंनी पाच तासांचा चेक लिहून माझ्या हातात ठेवला. “घ्या. कमावलात,” म्हणाल्या.

आता माझ्यातला मोठा माणूस जागा झाला. मला वाटलं, एकटी बाई, म्हातारी सासू, गाडीचा हप्ता, आणि आपण तिच्याकडून पाच तास परत घ्यायचे? आपण म्हणजे कोण! मी चेक हसून घेतला आणि घरी कपाटात, मोज्यांच्या खाली ठेवून दिला. पुन्हा पूर्ण फी रोख भरून नाव घातलं. पुन्हा नापास. दुसरा चेक मोज्यांखाली. तिसऱ्या वेळी परीक्षा घेणाऱ्या साहेबांनी मला लांबूनच ओळखलं आणि ते स्वतः फुटपाथवर चढून उभे राहिले. तिसरा चेक. अडीच महिन्यांत पंधरा तासांचं गुप्त दान माझ्या मोज्यांखाली जमलं होतं, आणि मोजे काढताना मला रोज सकाळी स्वतःबद्दल फार बरं वाटायचं.

तिकडे ताईंना काय दिसत होतं? पासबुकात पैसे दिसत होते. चेक दिल्यावर त्यांनी आधी ते पैसे वेगळे धरले होते. पण आठवडे गेले तरी शिल्लक तेवढीच, तेव्हा त्यांना वाटलं, हा महिना बरा गेला म्हणायचा. त्यांनी गाडीला दोन नवे टायर घातले. माझ्या दानशूरपणाचे टायर.

आणि मग एका वीस तारखेला माझ्या बायकोने धुतलेले मोजे कपाटात ठेवले.

“हे काय आहे?” तिने विचारलं.

मी खालच्या आवाजात, शक्य तितक्या थोर चेहऱ्याने, सांगितलं.

“पहिल्या चेकची मुदत चार दिवसांत संपतेय,” ती म्हणाली. “नापास तर झालातच, वर पैसेही सोडणार?” आणि मी आंघोळीला गेलो तेवढ्यात तिने तिन्ही चेक कोपऱ्यावरच्या बँकेत भरून पावती आणली. आमचं खातं त्याच बँकेत, ताईंचंही त्याच बँकेत. पावतीवर सकाळी दहाचा शिक्का.

वीस तारीख. ताईंच्या खात्यातून गाडीचा हप्ता जायचीही तीच तारीख.

ताई पैसे महिन्यातून एकदाच, एक तारखेला भरतात. त्या एक तारखेला त्यांनी नेहमीप्रमाणे चाळीस तास भरले आणि कॅशियर बाईंनी पावती दिली. त्या पावतीवर शिल्लक होती सतरा तास. ताईंनी तिथल्या तिथे जमिनीवर पाय दाबला.

दुसऱ्या दिवशी मी चौथ्या शिकवणीच्या पहिल्या धड्याला गेलो. ताईंनी वहीसुद्धा उघडली नव्हती. मी चुकीच्या बाजूने वळलो तरी ‘मेल्या’ नाही. मी म्हटलं, “ताई, बरं नाही का?”

“बँकेने माझे दहा तास खाल्ले,” त्या म्हणाल्या आणि मांडीवरचा कागद दाखवला. “खात्यात पैसे नसताना तीन चेक आले. बँकेने ते भरले. कोणी सांगितलं होतं भरायला? आणि प्रत्येक चेकमागे दीड तास दंड. त्याला नाव काय दिलंय बघा. ‘सौजन्य शुल्क’! वर खातं शून्याखाली राहिलं म्हणून रोज अर्धा तास, अकरा दिवस. साडेचार आणि साडेपाच, दहा. आणि हे चेक कोणाचे तेच मला कळत नाही. जुने नंबर आहेत...”

मी कागदावरचे नंबर पाहिले. ते मी रोज सकाळी मोज्यांखाली पाहत होतो.

गाडी दुभाजकावर चढली. ताईंनी ब्रेक दाबला. “मेल्या, समोर बघ!”

“ताई,” मी म्हणालो, “तो मेल्या मीच आहे.”

ताईंनी सगळं ऐकून घेतलं. मागच्या गाड्या हॉर्न वाजवत होत्या. मग त्या म्हणाल्या, “पाय मोडला होता तेव्हा माझा एक हप्ता चुकला होता, भाऊ. कर्ज देणाऱ्या कंपनीची नोटीस घरात आहे. दुसरा चुकला की गाडी ते उचलून नेणार. दोन हप्ते राहिलेत. पाच वर्षं भरले, दोन राहिलेत. वीस तारखेला अडतीस लागणार आणि खात्यात आहेत सतरा. रोजचं येतं ते पेट्रोल, घर आणि परत द्यायची फी ह्यातच संपतं.”

“मी उद्या पंधरा आणून देतो. आत्ता देतो!”

“कशाला? नापास तुम्ही झालात. ते काम तुम्ही चोख केलंत. ते पैसे तुमचे.” आणि पाटीकडे बोट करावं तसं त्यांनी हवेत बोट केलं. “मी उधार घेत नाही आणि दान तर मुळीच घेत नाही. दानाने काय झालं ते बघताय ना?”

घरी येऊन मी बायकोला सांगितलं. ती पाच मिनिटं काही बोलली नाही. आमच्या घरात हा विक्रम आहे. मग उठून पर्स घेतली. “फी तर घेतील ना? मी शिकते मोटार. नाहीतरी तुमच्या भरवशावर ह्या घरातून कोणी गाडीत बसायचं नाही.” आणि जाऊन दहा तासांची रोख फी भरून आली.

सतरा आणि दहा, सत्तावीस. अजून अकरा कमी. त्यातले दहा बँकेच्या पोटात.

पुढच्या दिवशी आम्ही तिघं बँकेत गेलो. शाखा छोटी: तीन खिडक्या, एक काचेची केबिन, कोपऱ्यात प्लॅस्टिकचं झाड, त्यावर खरी धूळ. मॅनेजर तिशीतला, नम्र, इस्त्री केलेला. त्याचं प्रत्येक वाक्य एकाच रुळावरून सुटायचं.

“त्याचं असं आहे, ताई,” तो म्हणाला, “चेक परत गेला असता तर समोरच्या माणसापुढे तुमची नाचक्की झाली असती. ती होऊ नये म्हणून बँक स्वतःचे पैसे घालते. सुविधा आहे ती.”

“समोरचा माणूस म्हणजे हा ना?” ताईंनी माझ्याकडे बोट केलं. “ह्याच्यापुढे माझी नाचक्की? साहेब, हा तीनदा नापास झालाय. त्यातलं एकदा गाडी सुरू करायच्या आधी.”

मॅनेजरने माझ्याकडे सहानुभूतीने पाहिलं. बायकोने पावती पुढे सरकवली. “चेक मी सकाळी दहाला भरले. हप्ता किती वाजता गेला?”

“दुपारी... चार.”

“मग तुमच्या कागदावर हप्ता वर आणि चेक खाली कसे?”

“त्याचं असं आहे, दिवस संपला की सिस्टीम मोठी रक्कम आधी घेते. मोठी देणी महत्त्वाची असतात. ग्राहकाच्या सोयीसाठी.”

ताईंनी वही उघडली. “खात्यात चाळीस होते. चेक आधी घेतले असते तर पंधरा जाऊन पंचवीस उरले असते. मग हप्ता आला, तो एकटा कमी पडला. किती दंड?”

“एक.”

“आणि हप्ता आधी घेतल्यावर?”

“तीन,” मॅनेजर जरा हळू म्हणाला.

“सोय कोणाची झाली, साहेब?”

मॅनेजरने प्लॅस्टिकच्या झाडाकडे पाहिलं. त्याने लेखी तक्रारीचा फॉर्म दिला. वरून उत्तर यायला पंचेचाळीस दिवस. वीस तारीख सतरा दिवसांवर.

ताईंच्या घरी सासूबाईंना सगळं ओरडून सांगावं लागलं, त्यांना कमी ऐकू येतं. त्या सगळं ऐकून म्हणाल्या, “म्हणजे पैसे संपले म्हणून ते आणखी पैसे घेतात?”

“हो!”

“आणि आपण त्यांना सांगायला जायचं तर तिथेही रांगेत उभं राहायचं?”

“हो!”

“आमचा पैशांचा डबा बरा होता. रिकामा झाला की गप्प बसायचा.”

ताईंना रोज बँकेत जायला वेळ नव्हता. सकाळी सात ते संध्याकाळी सात शिकवण्या. एक मोडली की एक तास गेला. मग त्यांनी एक साधी गोष्ट केली. गाडी मागे घेऊन दोन गाड्यांच्या मधे लावायची, हा धडा प्रत्येक शिकाऊ माणसाला असतोच. तो धडा त्या आजवर मैदानाजवळ घ्यायच्या. तो त्यांनी बँकेच्या दारासमोर हलवला. एका शिकवणीत एक फेरी. खिडकीची काच खाली, वही मांडीवर, आणि गाडी दाराशी आली की केबिनकडे हाक: “साहेब, काही कळलं का वरून?”

त्या दारासमोर रोज एक नवीकोरी, मलईच्या रंगाची गाडी उभी असायची. आतल्या सीटवरचं प्लॅस्टिक अजून काढलेलं नव्हतं. ती मॅनेजरची. ताईंना हे माहीत नव्हतं असं त्या आजही शपथेवर सांगतात. मी त्यांच्यावर विश्वास ठेवतो, कारण शपथ घेताना त्या हसत नाहीत.

पहिल्या आठवड्यात तिथे मागे येऊन गेले एक निवृत्त मास्तर, जे मागे बघताना पुढे वळवत. एक केशकर्तनकार, जो आरशात आधी स्वतःचे केस बघे. आणि माझी बायको, जिने पहिल्याच फेरीत गाडी इतकी सरळ लावली की ताईंना वहीत लिहायला काही सापडेना. प्रत्येक वेळी गाडी मलईच्या रंगापासून एक वीत अंतरावर थांबायची, कारण ताईंचा पाय. पण काचेच्या केबिनमधून पाय दिसत नाही. केबिनमधून नुसती वीत दिसते.

“ताई,” मॅनेजर एकदा दाराशी येऊन म्हणाला, “दुसरीकडे नाही का शिकवता येणार?”

“येईल की. पण मग तुम्हाला विचारायला वेगळं यावं लागेल, साहेब. तुमचाच वेळ जाईल. ग्राहकाच्या सोयीसाठी म्हणून इथे.”

आणि मग बारा तारखेला माझी पाळी आली.

मी आजवर कोणत्याही कामासाठी इतका योग्य माणूस नव्हतो. मी गाडी मागे घ्यायला लागलो तेव्हा कॅशियर बाई नोटा मोजायच्या थांबल्या. रांगेतली माणसं रांग न मोडता दाराकडे वळली. मी उलट्या गिअरमध्ये असताना पुढे पाहत होतो, असं मला नंतर सांगण्यात आलं. मलईच्या रंगाची गाडी मागच्या काचेत मोठी मोठी होत गेली. तेवढ्यात मॅनेजर दोन्ही हात वर करून धावत बाहेर आला.

“ह्यांना नको! ताई, ह्यांना नका आणू! त्याचं असं आहे, ह्या गाडीचा अजून दुसराच हप्ता...”

गाडी थांबली. एक वीत.

ताईंनी मागचं दार उघडलं. “बसा, साहेब. बाहेरून बघताना फार भीती वाटते. आतून बघा.”

तो का बसला ते मला ठाऊक नाही. बहुधा मला त्याच्या गाडीपासून लांब न्यायचं होतं म्हणून. आम्ही कोपरा वळून मोठ्या रस्त्याला लागलो. पुढे सिग्नल लाल होता. मला तो दिसत होता. पण दिसणं आणि थांबणं ह्यांत माझा नेहमीच थोडा वेळ जातो. पांढरी रेघ आली, समोरून बस आली, मागे मॅनेजरने आईला हाक मारली, आणि ताईंनी पाय दाबला. गाडी रेघेच्या अलीकडे उभी राहिली.

ताई मागे वळल्या. आवाज अगदी शांत होता.

“साहेब, मला दिसत होतं की सिग्नल लाल आहे. ह्याला जमणार नाही हेही दिसत होतं. समजा मी म्हटलं असतं, जाऊ दे ह्याला, ह्याची नाचक्की नको. बसवर आपटू दिलं असतं. मग वहीत लिहिलं असतं, दीड तास दंड. गाडी दुरुस्त होईपर्यंत रोज अर्धा तास. आणि ह्याला म्हटलं असतं, भाऊ, ही सुविधा आहे. तुम्ही मला काय म्हणाला असता?”

मॅनेजरने पुढच्या सीटची पाठ दोन्ही हातांनी धरली होती.

“मला तुमचे पैसे नकोत. मला उधारी नकोच होती. माझं खातं रिकामं झालं तर मला थांबवा. चेक परत पाठवा. मी ह्याच्या घरी जाऊन सांगेन, भाऊ, चार दिवस थांब. मला नाही लाज वाटत. शेजारी बसून ब्रेक दाबायचा नसेल, तर शेजारी बसायचं कशाला?”

सिग्नल हिरवा झाला. मी गाडी बंद पाडली. मागून हॉर्नचा गदारोळ सुरू झाला, आणि त्या गदारोळात मॅनेजर पहिल्यांदाच ‘त्याचं असं आहे’ न म्हणता बोलला.

“माझ्या आईचं खातंही आमच्याच शाखेत आहे,” तो म्हणाला. “मागच्या महिन्यात तिचाही दंड कापला गेला. तिने मला सांगितलंसुद्धा नाही. पासबुकात दिसलं.” मग म्हणाला, “एक फॉर्म असतो. ‘खात्यात पैसे नसल्यास व्यवहार नाकारावा.’ ग्राहकाने मागितला तरच द्यायचा. सहा वर्षांत कोणी मागितला नाही.”

“का?”

“असतो हे कोणाला माहीतच नाही.”

“मी मागतेय,” ताई म्हणाल्या.

त्या दिवशी दुपारी ताईंनी फॉर्म भरला. मॅनेजरने स्वतःच्या अधिकारात तीन चेकवरचा दंड परत केला, साडेचार तास. रोजच्या दंडाचे साडेपाच तास त्याच्या हातात नव्हते. ते वरच्या कार्यालयाचे. त्यासाठी त्याने तक्रारीवर स्वतःची शिफारस लिहून सही केली. सही रस्त्याच्या आत होती. ताईंनी तपासली.

सत्तावीस आणि साडेचार, साडेएकतीस. अजून साडेसहा तास हवे होते. ताईंची रविवारची दुपारची झोप घरात पवित्र मानली जाते. सासूबाईसुद्धा त्या वेळी खोकला दाबून धरतात. त्या रविवारी ताई झोपल्या नाहीत. चार तास मी घेतले, जादा फी भरून, आणि हे दान नव्हतं ह्याला ताईंची वही साक्षी आहे: त्या चार तासांत एकवीस नोंदी आहेत. उरलेले अडीच तास कॅशियर बाईंनी घेतले. त्यांना म्हणे त्या दिवशी मला मागे येताना पाहून पहिल्यांदा वाटलं, की हे आपल्यालाही जमेल.

एकोणीस तारखेला ताईंनी पैसे भरले. पावतीवर शिल्लक बरोबर अडतीस. वीस तारखेला संध्याकाळी आम्ही सगळे पुढच्या खोलीत बसून होतो, ताई, सासूबाई, बायको आणि मी. फोन वाजला. मॅनेजर होता. “गेला, ताई. हप्ता गेला.” ताईंनी सासूबाईंच्या कानाशी जाऊन ओरडून सांगितलं. सासूबाई म्हणाल्या, “मग ओरडतेस कशाला? चहा टाक.”

पुढच्या महिन्याचा शेवटचा हप्ता सुरळीत गेला. गाडीची कागदपत्रं ताईंच्या नावावर होऊन आली तेव्हा त्यांनी ती यजमानांच्या पाटीखाली खिळ्याला लावली, दोन दिवस. मग उतरवून डब्यात ठेवली. गाडीच्या डॅशबोर्डच्या कप्प्यात आता चुकांच्या वहीशेजारी त्या बँकेच्या फॉर्मचा एक गठ्ठा असतो. पहिल्या धड्यात क्लच, ब्रेक, आरसा, आणि मग: “कोणत्या बँकेत खातं आहे? हा घ्या. सही करा.” आतापर्यंत एकतीस जणांनी भरला. मॅनेजरने आईचाही भरून घेतला, आणि फॉर्मची एक प्रत खिडकीशेजारी, सगळ्यांना दिसेल अशी चिकटवली. प्लॅस्टिकचं झाड त्यासाठी हलवावं लागलं.

पाटी तशीच आहे. मला मात्र निम्मी फी आता चेकने मिळत नाही. ताई रोख देतात, आणि मी पैसे खिशात घालेपर्यंत हात सोडत नाहीत.

बायको पहिल्याच परीक्षेत पास झाली. मी पाचव्यांदा नापास झालो.

वरच्या कार्यालयाचं पत्र सहासष्टाव्या दिवशी आलं. त्यात तक्रार मिळाल्याबद्दल आभार मानले होते. साडेपाच तास परत मिळाले नाहीत.